आबांची पात

आमचे घरमालक कानात काही सांगायचे ते सोसायटीच्या फाटकापर्यंत ऐकू जायचं. त्यांचा सगळा जन्म लूमच्या खात्यात गेला होता. सुरतेत कारखान्याला खातं म्हणतात. तिथल्या खडखडाटात माणूस एक तर ओरडून बोलतो नाही तर हातवारे करून, आणि हे दोन्ही एकदम करायचे. काम सुटलं, पण आवाज तेवढा खात्यातच राहिला. "तुले एक खाजगी गोट सांगस, पोरी," असं म्हणून ते माझ्याकडे वाकले की समोरच्या ओळीतल्या बायका हातातलं काम टाकून उंबऱ्यात येऊन उभ्या राहत. मग ती खाजगी गोष्ट आम्ही सगळ्या मिळून ऐकायचो.

सगळे त्यांना आबा म्हणत. काही जण प्रेमाने म्हणत, काही दात-ओठ खाऊन म्हणत, पण म्हणत आबाच.

नवागामात त्यांचं ते छोटं घर होतं. खाली ते आणि माई, वर आम्ही भाडेकरू. खोली पाहायला गेलो तेव्हा माझं नुकतंच लग्न झालं होतं. आमचे हे कापड रंगवण्याच्या मिलमध्ये लागलेले. बाकीचे घरमालक पगार विचारत, माणसं किती ते विचारत. आबांनी यांना नखशिखांत न्याहाळलं आणि विचारलं, "गावले जमीन शे का?"

"आहे थोडी. अकोल्याजवळ. काका बघतात," हे म्हणाले.

"काय लावतस?"

"कापूस, तूर. थोडी ज्वारी."

"निंदाले कोण जास?"

यांनी माझ्याकडे पाहिलं. आता मी काय सांगणार! मी अकोला शहरात वाढलेली. गवत मी फक्त बगिच्यात पाहिलं होतं, तेही बसण्यापुरतं. "मजूर जातात," मी म्हणाले. आबांनी माझे तळहात उलटे करून पाहिले, पोस्टमनकडून पार्सल घेताना पाहावं तसे, आणि आतल्या खोलीकडे तोंड करून माईंना ओरडून सांगितलं, "खोली दिधी व! शिकाडसू हिले!" मला काय शिकवणार होते ते कळायला मला दोन पावसाळे लागले.

आबांना गवत दिसलं की राहवत नसे. उपटायचंच. बसची वाट पाहताना फुटपाथच्या फटीतलं उपटायचे. लग्नाला गेले की मांडवाच्या खांबाशी वाकलेले दिसायचे आणि आहेर द्यायला स्टेजवर जाताना डाव्या हातात गवताची मूठ तशीच असायची. एकदा स्मशानातून परत आले तेव्हा माईंनी अंगावर पाणी घ्यायला सांगितलं, तर म्हणाले, थांब, आधी हे टाकतो, आणि खिशातून लव्हाळा काढला. तुमच्याशी बोलता बोलता तुमच्याच कुंडीत त्यांचा हात गेलेला असायचा. विळा मात्र त्यांना चालत नसे. "कापेल गवत हासत हासत येस," ते म्हणायचे, "उपटेल गवत इचार करीसन येस." येतं मात्र दोन्ही, असं मी एकदा म्हणाले, तर त्यांना ऐकू आलं नाही. सोयीचं नसलेलं त्यांना ऐकू येत नसे.

याच हाताने त्यांनी प्रमुखांच्या लॉनचं जे केलं ते सगळ्या सोसायटीने पाहिलं.

प्रमुख म्हणजे आमच्या सोसायटीचे अध्यक्ष. सौराष्ट्रातले, कतारगामला हिरे घासायचा कारखाना, आणि आमच्या सोसायटीत घरापुढे अंगण असलेलं एकमेव कोपऱ्यातलं घर त्यांचं. माणूस देवभोळा. रोज सकाळी आंघोळ करून सोसायटीच्या मागच्या मोकळ्या प्लॉटवर जायचे आणि कबुतरांना ओंजळ ओंजळ ज्वारी टाकायचे. त्याला ते चण म्हणत. आबा लग्नासाठी गावी गेले होते तेवढ्यात प्रमुखांनी अंगणात लॉन लावून घेतलं. टेम्पोतून हिरव्या गवताचे चौकोनी तुकडे आले, माळ्याने ते फरशीसारखे बसवले. संध्याकाळी प्रमुख प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून त्यात पाय सोडत आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला चहा विचारत.

आबा गावाहून आले, दुसऱ्या दिवशी सकाळी फिरायला निघाले आणि त्यांनी पाहिलं की प्रमुखांसारख्या माणसाच्या दारात एवढं गवत माजलंय. प्रमुख कतारगामला गेलेले. घरात त्यांची आई, तिला डोळ्यांनी कमी दिसायचं. आबा धोतर खोचून बसले. दुपारी प्रमुख जेवायला आले तेव्हा अंगण स्वच्छ होतं. माती बोटांनी विंचरलेली, लॉनचा ढीग कुंपणाशी नीट रचलेला, आणि आबा त्यांच्याच खुर्चीवर घाम पुसत बसलेले.

"काका!" प्रमुखांचा आवाजच फुटेना. "आ शुं कर्युं?"

"काही उपकार नही भाऊ. शेजारी कसाले शे मग?"

"लॉन हती ए! पैसा आपीने लगावी'ती!"

आबांना हे समजलंच नाही. संध्याकाळी त्यांनी आमच्या ह्यांना जिन्यात गाठून पुन्हा पुन्हा विचारलं, "गवत लावं? पैसा दिसन?" यांनी हो म्हटलं की आबा मान हलवायचे, चार पायऱ्या उतरायचे आणि परत वर येऊन तेच विचारायचे. प्रमुखांनी त्या दिवसापासून आबांशी बोलणं सोडलं. ते आबांना बरेच दिवस कळलं नाही.

प्लेगची साथ येऊन गेली आणि सुरतेनं कात टाकली. ज्या शहरात केळीची साल कुठेही टाकावी, तिथे सकाळी पालिकेची माणसं गल्लीगल्लीत दिसायला लागली. त्यात एक नियम गवताचाही होता. घराच्या आवारात, सोसायटीच्या मोकळ्या प्लॉटवर गवत, झाडोरा घोट्याच्या वर वाढू द्यायचा नाही. त्यात उंदीर लपतात, डास होतात. नियम चांगलाच होता. साथीच्या दिवसांत तोंडाला रुमाल बांधून स्टेशनवर धावलेल्या माणसांना तो कुणी समजावून सांगावा लागला नाही.

आमच्या मागच्या प्लॉटवर मात्र त्या पावसाळ्यात गुडघाभर माजलं होतं. तिथे कधी तरी बगिचा होणार असं सोसायटीच्या नकाशात होतं. नोटीस आली, आणि पालिकेचे साहेब तपासायला येणार असं कळलं. प्रमुखांनी मीटिंग बोलावली आणि हे एकदाचं मिटवू या म्हणून हात जोडून म्हणाले, "पतावी दईए ने! काँक्रीट करी नाखीए. घास ज नहीं, तो नोटिस ज नहीं." गोष्ट सोपी होती. पोरांना क्रिकेट होईल, लग्नाला मांडव होईल, चिखल होणार नाही. सगळ्यांनी माना डोलावल्या. माझीही डोलली.

आबा उभे राहिले. त्या दिवशी त्यांचा आवाज खात्यातल्यापेक्षाही मोठा होता.

"माटी दाबी टाकशात? एक तुकडा राहिना शे बठा सोसायटीमा, तोबी?"

"काका, नोटिसनो दंड तमे भरशो?"

"मी गवत काढसू. साहेबले येऊ द्या. साहेब नही म्हने, मंग टाका तुमनं सिमीट."

लॉनची आठवण प्रमुखांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होती. मग म्हणाले, साहेब तपासायला येईपर्यंत थांबू. साहेबांनी पास केलं तर जमीन जमीन राहील, नाही तर काँक्रीट. आणि दुसऱ्याच दिवशी त्यांनी प्लॉटच्या कडेला खडीचा ढीग आणून टाकला. उगाच नंतर धावपळ नको म्हणून, असं त्यांचं म्हणणं होतं. तो ढीग आबांच्या खिडकीतून समोरच दिसायचा.

आबांनी माईंना सांगितलं, माईंनी बायकांना सांगितलं. लूमच्या सुटीच्या दिवशी सकाळी आमच्या आणि मागच्या गल्लीतल्या बायका पदर खोचून प्लॉटवर आल्या. कुणी धुळ्याकडच्या, कुणी जळगावच्या, दोघी-तिघी मराठवाड्यातल्या. वर्षानुवर्षं साड्यांना टिकल्या चिकटवणं आणि धागे कापणं यापलीकडे त्यांच्या हाताला काम नव्हतं. त्या प्लॉटच्या एका कडेला ओळीने बसल्या आणि प्रत्येकीने आपापली पात धरली. निंदणीत जो पट्टा तुमच्या वाट्याला येतो ती तुमची पात. ती टोकापर्यंत न्यायची, शेजारणीच्या मागे पडायचं नाही. मी गॅलरीत उभी राहून चहा देण्याचं काम पत्करलं होतं. वरून पाहत होते. थोडा वेळ हसणं-खिदळणं चाललं, मग बोलणं आपोआप कमी झालं आणि ती ओळ पुढे सरकायला लागली. एकीचा हात दुसरीपेक्षा वेगळा दिसेना. आबा मागून फिरत होते, लूमवर तपासणी करत फिरायचे तसे. "तुनी पात मांगे पडी व!" "मूळ राहिनं, मूळ!" बायका त्यांना उलटून बोलत होत्या आणि ते त्यांना ऐकू येत नव्हतं. एकूण दिवस फार सुखाचा गेला.

उन्हं कलली तेव्हा गवत संपलं. सगळ्या कंबर धरून उठल्या. मी वरून पाहिलं आणि चहाचा ट्रे तसाच हातात धरून खाली आले.

प्लॉटभर हिरवं उभं होतं.

दाट नव्हतं. इथे चार, तिथे दहा, कोपऱ्यात जरा गर्दी. लांब पानांची, मांडीपर्यंत आलेली ताटं. भोवतीची माती साफ, आणि ती मात्र डुलताहेत.

"आबा, हे काय ठेवलंत?"

"काय?"

"हे!"

"ती तं जवारी शे!" आबा म्हणाले, जणू मी घरातल्या माणसाकडे बोट दाखवून हा कोण असं विचारलं होतं.

मग सगळ्यांच्या लक्षात आलं. इतक्या बायका निंदत गेल्या, कुणी कुणाला काही बोलली नाही, आणि प्रत्येकीच्या हाताने गवत उपटलं आणि ज्वारी सोडली. मागून तपासत फिरणाऱ्या आबांनाही त्यात काही चुकल्यासारखं वाटलं नाही. शेतात तेच करायचं असतं ना! हे शेत नाही, इथे पीकच नाही, हे कुणाच्या डोक्यातच आलं नाही. माई खो खो हसत खाली बसल्या. "हातले काय समजस, पोरी, आपीन सुरतमा शेतस ते!"

हसू ओसरलं, कारण साहेब दुसऱ्या दिवशी सकाळी येणार होते. घोट्याच्या वर काही नको, आणि इथे तर मांडीपर्यंत. मी म्हणाले, उपटून टाका, चार हातांचं काम. कुणी हललं नाही. आबा वाकले, एक ताट मुठीत धरलं. बराच वेळ धरून ठेवलं. मग सोडलं.

"उभं पीक उपटाले मना हात नही," ते म्हणाले. हळू म्हणाले असावेत, कारण मला पुन्हा विचारावं लागलं.

कुणीच उपटलं नाही. सगळ्या घरी गेल्या. मला त्यांचा रागही आला आणि त्यांच्याबद्दल अभिमानही वाटला.

सकाळी पालिकेचे साहेब आले. तरुण, सडसडीत, हातात छत्री. त्या छत्रीच्या टोकाने ते गवत ढोसून पाहत आणि अख्खा वॉर्ड त्या छत्रीला घाबरायचा. प्रमुख त्यांच्या मागे. प्रमुखांनी प्लॉट पाहिला आणि त्यांचा चेहरा उजळला.

"साहेब, घास तो हजी ऊभुं छे!"

साहेबांनी छत्री ताटाला टेकवली. मग छत्री काखेत धरून ते खाली बसले, पान बोटांत घेऊन चोळलं. "आ घास क्यां छे? आ तो जुवार छे."

"वो ही तो!" आबा गरजले. साहेब दचकून मागे सरकले.

"कोणे वावी?" साहेबांनी विचारलं. कुणी पेरली?

आबा माईंकडे पाहायला लागले, माई बायकांकडे. आणि तेवढ्यात कबुतरांचा एक थवा प्लॉटच्या कोपऱ्यात उतरला आणि रोजच्या ओंजळीची वाट पाहत प्रमुखांभोवती गोळा झाला. सगळ्यांनी कबुतरांकडे पाहिलं. मग प्रमुखांकडे. प्रमुखांच्या हातात अजून सकाळच्या चणाची पिशवी होती.

"में?" प्रमुख म्हणाले. "में तो कबूतरने चण नाखी'ती!"

"पेरी तुम्हीन," आबा त्यांच्यासमोर हात जोडून म्हणाले, "निंदी आम्हीन!"

साहेब हसले. त्या माणसाला हसता येतं हे वॉर्डात कुणाला माहीत नव्हतं. ते सुरतेजवळच्या ओलपाडकडचे, घरची शेती, आणि त्या भागातली ज्वारी म्हणजे पोंक. थंडीत सुरतेत कोवळ्या ज्वारीचा जो पोंक खातात तो आपला हुरडाच. पण साहेब होते नियमाचे पक्के. नियम गवताचा आहे, पिकाचा नाही, असं म्हणून त्यांनी एक अट घातली. पोंक होईपर्यंत ज्वारी ठेवा. पण मी येत राहणार. मधल्या मातीत एकदा जरी घोट्यावर गवत दिसलं, पाणी साचलेलं दिसलं, तर मग काही ऐकणार नाही. प्रमुखांनी खडीच्या ढिगाकडे पाहिलं आणि म्हणाले, "जोईए." बघू.

त्यानंतर आबांना दुसरा उद्योग उरला नाही. कबुतरं, चिमण्या, पोपट सगळे टपलेले. आबांनी खात्यातून टाकाऊ जर आणली, सोनेरी, चमचमती, आणि ती ताटांवरून आडवी-उभी ताणली. सकाळचं ऊन पडलं की सगळा प्लॉट लकाकायचा. समोरून जाणारे थांबून विचारत, आज कुणाचं लग्न आहे? पण पोपटांना जरीची सवय झाली, मग आबांनी गोफण विणली. मातीचे गोळे वाळवले आणि पाण्याच्या टाकीवर चढून बसले. एक गोळा प्रमुखांच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून थेट कढीत पडला. प्रमुख ती कढीची पातेली घेऊन प्लॉटवर आले. आबांनी टाकीवरून वाकून आत पाहिलं आणि म्हणाले, "गूळ जास्त शे."

खरी कसोटी दिवाळीत आली. दिवाळीला सुरत रिकामी होते. लूम बंद, खातं बंद, खानदेशातली माणसं गाडीला लोंबकळत गावाला, सौराष्ट्रातली बसने आपल्या गावाला. प्रमुखही गेले. माई वर्षभर वाट पाहून माहेरी निघाल्या आणि आबा त्यांना गाडीत बसवून, ज्वारी राखायला स्टेशनवरून एकटेच परत आले. आणि नेमका तेव्हा अवेळी पाऊस झाला. चार दिवसांत प्लॉटवर गवताचं पोपटी लसलस उगवलं. आमच्या ह्यांना मिलमध्ये पाळी होती म्हणून आम्ही राहिलो होतो. मी गॅलरीतून पाहिलं, आबा एकटे एका कडेला बसले होते. समोर अख्खा प्लॉट, आणि दिवाळी संपताच साहेब येणार. एवढ्या बायकांना दिवस लागला तिथे हा म्हातारा काय करणार!

मी खाली गेले. साडी खोचली आणि त्यांच्या शेजारी बसले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही, फक्त जरा सरकून माझी पात मोकळी करून दिली.

माझ्या हातांचे हाल झाले. मी ज्वारीही उपटली, गवतही उपटलं. ते मागे येऊन मूळ दाखवायचे, माझा अंगठा कुठे रुतवायचा ते दाखवायचे. मला दमलेली पाहून एकदा थांबले.

"सुरतमा उनू तधळपासून पायखाल सिमीट शे, पोरी," ते म्हणाले. "खातामा सिमीट, घरमा सिमीट, गल्लीमा सिमीट. आठे हात घालस ना, तं मी कोन शे ते माले आठवस."

मला रडू आलं. मी तोंड फिरवून उपटत राहिले. दिवाळीचे सगळे दिवस आम्ही ते काम केलं. शेवटी शेवटी माझी पात त्यांच्या बरोबरीने सरकत होती. साहेब आले तेव्हा त्यांना छत्री टेकवायला गवताची काडी सापडली नाही.

मार्गशीर्षात कणसं भरली. आबांनी दाणा दाताखाली फोडला, दूध आलं, आणि त्यांनी सोसायटीला आवाज दिला. तो आवाज बहुधा पलीकडच्या दिंडोलीपर्यंत गेला असेल. रविवारी सकाळी प्लॉटच्या मधोमध आगटी पेटली. तिला कडेने लावायला दगड हवे होते, ते आबांनी प्रमुखांच्या खडीच्या ढिगातून आणले. गवरीच्या निखाऱ्यात कणसं भाजायची, गोणपाटावर गरम गरम चोळायची. बायकांनी लसणाची चटणी आणली होती. गुजराती शेजारणींनी शेव आणि लिंबू आणलं. साहेब शेवटच्या तपासणीला आले ते घरच्या कपड्यांत, छत्रीशिवाय. मूठभर दाणे तोंडात टाकून म्हणाले, चणाची ज्वारी आहे, पोंकासारखी मिठास नाही. आणि पुन्हा मूठ भरली.

प्रमुख कडेला उभे होते. ते खात नव्हते. त्यांच्या आईने त्यांच्या हातात एक कणीस कोंबलं. पण मीटिंगचं बोलणं मीटिंगचं, प्रमुखपणा प्रमुखपणा. त्यांनी घसा साफ केला. आबांचा चोळता हात थांबला.

"साहेबे तो पास कर्युं," प्रमुख म्हणाले. "पण सोसायटीने पूछवुं पडे. जेने काँक्रीट जोईतुं होय, ते हाथ ऊंचो करे."

एकही हात वर झाला नाही. सगळ्यांचे तळवे राखेने काळे, सगळ्यांच्या मुठी भरलेल्या. आमच्या ह्यांनी तर दोन्ही हात मागे लपवले. बऱ्याच वेळाने एक हात वर आला. तो स्वतः प्रमुखांचा होता. आबा उठून उभेच राहिले.

त्या हातात कणीस होतं.

"आ काचुं रही गयुं छे," प्रमुख म्हणाले. "पाछुं शेको."

केवढा हशा उठला! आबांनी ते कणीस त्यांच्या हातातून घेतलं, स्वतः निखाऱ्यात घातलं, स्वतः चोळलं आणि पहिला घास आपल्या हाताने प्रमुखांना भरवला. लॉननंतर ते दोघे पहिल्यांदाच एकमेकांकडे पाहून हसत होते. मग आबा माझ्याकडे आले, डोळे पुसले, आजूबाजूला कुणी पाहत नाही याची खात्री केली आणि माझ्या कानाशी वाकले.

"एक खाजगी गोट सांगस, पोरी. माटी वाचनी! पन कोनले सांगू नको!"

सगळा प्लॉट चिडीचूप झाला होता. आगटीच्या पलीकडून, तोंडात घास असलेल्या प्रमुखांनी ओरडून उत्तर दिलं, "नहीं कहीए, काका! कोईने नहीं कहीए!"